राज्याभिषेकाचे गव्हास मुक्या नादाने जाग आणिली त्याची बखर

॥ श्री ॥ जे सालीआड निजते आणि पाण्याच्या हाकेने उठते, त्या बीजास दंडवत. जी त्यास नऊ दिवस उरी धरिते आणि उपकार बोलून दाखवीत नाही, त्या मृत्तिकेस दंडवत. गणाधिपतीस दंडवत तिसरे घातले, परंतु मानाने ते पहिले समजावे. क्रम, माप आणि मान या तीन वस्तू वेगळाल्या आहेत, आणि त्या एक मानिल्याने एका राज्यावर काय प्रसंग गुदरला, तेच पुढे सांगणे आहे.

शके एकोणीसशे वीस, बहुधान्य नाम संवत्सर. संवत्सराचे नाव बहुधान्य आणि राजाचे घटी एक दाणा उगवेना, ऐसा तो काळ. कित्येक बखरकार हे साल प्रमाथी म्हणोन लिहितात. ते चुकतात. प्रमाथी पुढील चैत्रात लागले, आणि हा मजकूर भाद्रपद व आश्विन या दोन मासांत आटोपला. ज्यास महिने मोजता येत नाहीत त्याणे बखर लिहू नये.

त्या राज्यात ऐसा कुळाचार होता की, जो राजा गादीवर बसे त्याचे राज्याभिषेकाचे साली पिकलेला खपली गहू कणगीत भरून ठेवावा, आणि त्याचे राज्य चाले तोवर दर नवरात्रात तोच गहू घटी पेरावा. महाराजांचे देवघरी तोच, प्रधानांचे घरी तोच, सेनापतींचे घरी तोच, दरबारी गवयाचे घरी तोच आणि बीजकोठीतील घटासही तोच. मग दसऱ्याचे दिवशी महाराजांनी आपले घटातील अंकुरांचा तुरा पागोट्यात खोवावा आणि सीमोल्लंघनास निघावे. दुसरा गहू घालिता येत नसे, कारण गहू बदलणे म्हणजे राजा बदलणे, ऐसा अर्थ प्रजेने धरिला होता. आता बीज म्हणजे काही शिलालेख नव्हे. त्यास वय होते आणि वय जाहले की त्याची झोप जड होते. त्यातून खपलीचे टरफल अंगासी ऐसे चिकटलेले की उखळात कांडल्याशिवाय सुटत नाही. महाराजांस गादीवर बसून अकरावे वर्ष चालले होते. पहिली आठ वर्षे गहू बरा उगवला, नववे वर्षी विरळ आला, आणि दहावे वर्षी तुऱ्यापुरताही आला नाही. ते समयी मानपान दप्तराचे प्रमुख त्र्यंबकपंत यांणी शिंप्याकडोन हिरव्या रेशमाचा तुरा करविला, तो महाराजांचे पागोट्यात खोविला आणि स्वारी सीमेवर गेली. तेथे दर सालाप्रमाणे पलीकडील राज्याचे वकील घोड्यावर बसोन आले होते. आपट्याची पाने देता घेता त्यांचे घोड्याने मान लांब करून महाराजांचा तुरा हुंगिला, फुरफुरला आणि तोंड फिरविले. पलीकडील लोक हसले, आणि ते हसणे वर्षभर पुरले. बाजारात बोलणे पडले की, "राज्य जून जाहले, आता त्यास घोडेदेखील खात नाही." हे बोलणे महाराजांचे कानी गेले आणि त्यांचे जेवण कमी जाहले.

बीजकोठीच्या किल्ल्या सगुणाबाई यांचे कमरेस होत्या. सासू कोठीवाली, सासूची सासू कोठीवाली, ऐसे ते काम तीन पिढ्या बायकांचे हाती चालत आलेले. बाईचे वय साठीचे, बोलणे मोजके, परंतु मोजलेला प्रत्येक शब्द टोकदार. भाद्रपदमासी त्र्यंबकपंत भर दरबारात उभे राहिले आणि बोलिले की, "महाराज, गहू जून जाहला ऐसे म्हणणे म्हणजे राज्य जून जाहले ऐसे म्हणणे. ते म्हणता येत नाही. सबब दोष गव्हाचा नव्हे, गहू राखणारीचा." बाई म्हणाली, "पंत, मग तुमचे केस पिकले तो दोष न्हाव्याचा काय?" दरबार हसला. महाराज स्वभावे दयाळू, परंतु भांडण दिसले की त्यांचे घशास कोरड पडे. त्यांणी पाणी मागविले, प्याले, आणि मग आज्ञा जाहली की, घटस्थापनेचे दिवशी कोठीच्या किल्ल्या देवघरात तबकात ठेवाव्या, महाराजांचा घट उगवला तर दसऱ्यास बाईने त्या उचलाव्या, आणि न उगवला तर पंत नेमतील त्याणे उचलाव्या. पंतांचे जावई ते समयी रिकामे होते. हे येथे नुसते नमूद करितो.

बाई घरी न जाता कोठीत गेली, कारण किल्ल्या जाण्याचे आधी कणगीतून एक वस्तू काढावयाची होती. ती वस्तू म्हणजे तिची वज्रटीक. दागिना धान्यात पुरून ठेवावा ही त्या मुलुखीच्या बायकांची चाल; चोर धान्य चोरील, परंतु धान्यात हात घालून पाहणार नाही, ऐसा त्यांचा सिद्धांत. तो सिद्धांत खोटा आहे, परंतु या प्रसंगी उपकारी पडला. वज्रटीक निघाली ती मळून काळी जाहलेली, आणि तिच्या सांदीसांदीत राज्याभिषेकाचे गव्हाचे सात दाणे रुतलेले. बाई ती घेऊन नागूशेट सोनार यांचे दुकानी गेली. नागूशेट यांणी नुकतेच शहरातून एक विजेवर चालणारे पोलादी पात्र आणिले होते, पाटाएवढे लांब आणि वीतभर खोल. त्यात पाणी भरावे, दागिना सोडावा आणि कळ दाबावी, म्हणजे पाण्यास बारीक शहारे येत आणि कुंचला न लाविता मळ आपोआप सुटून खाली बसे. आवाज म्हणावा तर काही नाही. परंतु कळ दाबिली की दुकानाचे पायरीवर निजलेले हौशा नामक कुत्रे उठे, आकाशाकडे तोंड करी आणि सूर लावी. कळ सोडिली की पुन्हा निजे. बाईने विचारिले, "शेट, यास काय जाहले?" शेट म्हणाले, "पात्र बोलते. आपले कानास ते मुके, त्याचे कानास ते ओरडणारे. त्यास माझा धंदाच पसंत नाही."

वज्रटीक उजळली. सात दाणे तळाशी राहिले ते शेटांनी पाण्यासुद्धा दाराशी तुळशीत ओतिले. तिसरे दिवशी त्यांचा निरोप आला की, "बाई, तुमचे दागिन्याने आमचे तुळशीत गहू पेरिला. येऊन पाहावे." बाई गेली, वाकून पाहिले, आणि सातांत पाच अंकुर उभे. जो गहू कोठीत दहा दिवस पाण्यात भिजवून धड डोळा उघडीत नसे, तो तुळशीत तिसरे दिवशी उभा. बाई तेथेच पायरीवर बसली. कुत्र्याने तिला जागा दिली. मग बाईने विचारिले, "शेट, या पात्रात होते तरी काय?" शेटांनी हात पुसले आणि सांगितले की, "नाद इतका बारीक की कान त्यास धरू शकत नाही. त्या नादाने पाण्यात मोहरीहून लहान बुडबुडे उठतात आणि उठता उठता फुटतात. फुटताना मळास टोचतात, म्हणोन मळ सुटतो. गव्हासही टोचले असतील. टरफलास बारीक छिद्रे पडली, पाणी आत शिरले, आणि आतला जो होता त्यास कळले की दिवस उगवला." बाई म्हणाली, "म्हणजे जागे करण्यास दार ठोठावले." शेट म्हणाले, "ठोठावले. परंतु बाई, एक सांगतो. माझे धंद्यात फार ठोठावू नये. जास्त वेळ ठेविले की मळाबरोबर मुलामाही उतरतो, आणि मोती ठेविला तर मोत्याचे तेज जाते."

हे शेवटचे वाक्य बाईने पदराचे गाठीस बांधिले. मग तिने प्रयोग मांडिला, तो ऐसा. कणगीतून शंभर दाणे मोजून एक पुरचुंडी, ऐशा पाच पुरचुंड्या केल्या. एकीस पाण्यात नुसते भिजविले आणि पात्र दाखविलेच नाही. दुसरीस नाद दिला बारा वाती, तिसरीस चोवीस, चौथीस अठ्ठेचाळीस, पाचवीस शहाण्णव. वाती म्हणजे काय, तर बाई घड्याळ वापरीत नसे. नवरात्राचे दिव्यासाठी कापसाच्या वाती वळावयाच्या होत्याच, तेव्हां पात्राशेजारी बसोन ती वाती वळी आणि त्यांवरून वेळ मोजी. एक दुसरे बखरकार तेरा वाती लिहितात. त्यांणी समईतील जुनी वातही मोजिली असावी. पाच पराती ओळीने मांडिल्या, आणि पाचवे दिवशी मोजदाद केली. नुसत्या भिजविलेल्या शंभरांत उगवले अकरा, आणि तेही रडत. बारा वातींचे उगवले त्र्याऐंशी. चोवीस वातींचे चाळीस. अठ्ठेचाळीस वातींचे पाच, त्यांच्या माना वाकड्या. शहाण्णव वातींचा एक नाही. दाणे मऊ पडोन त्यांस शिजल्यासारखा वास आला.

बाई दोन पराती डोक्यावर घेऊन दरबारात आली, एक अकरांची, एक त्र्याऐंशींची. मागोन नागूशेट पात्र घेऊन, आणि त्यांचे मागोन हौशा, त्यास कोणी बोलाविले नव्हते. महाराज सिंहासनावरून खाली उतरले, परातीवर वाकले आणि हिरव्या अंकुरांवरून तळहात फिरविला. मग दरबारी गवई आनंदबुवा उठले. त्यांस राग आला होता. बोलिले की, "शास्त्रात नाद दोन सांगितले. आहत नाद गवयाचा, अनाहत नाद योग्याचा. हा सोनाराचा नाद कोणत्या कुळीचा? आणि जो ऐकू येत नाही तो नादच नव्हे." नागूशेट यांणी वाद न करिता कळ दाबिली. हौशाने तोंड वर केले आणि ऐसा सूर लाविला की कबुतरे उडाली. शेट म्हणाले, "बुवा, ज्यास ऐकू येते तो बोलतो आहे." बुवांनी क्षणभर कान दिला आणि म्हणाले, "ऐकत असेल. परंतु बेसूर ऐकतो." तेवढ्यावर तो वाद मिटला.

खरा वाद पुढेच होता. त्र्यंबकपंतांनी विचारिले, "महाराजांचे बीजास नाद किती?" बाई म्हणाली, "बारा वाती." "आणि प्रधानांचे?" "बारा." "सेनापतींचे?" "बारा." "गवयांचे? कोठीचे?" "पंत, गहू एक, टरफल एक, तेव्हां वाती बारा." पंत हसले, आणि ते हसणे पाहून महाराजांनी पाणी मागविले. पंत बोलिले की, "या दरबारात महाराजांस पाच विडे, प्रधानांस तीन, मला दोन. महाराजांपुढे चवऱ्या चार, प्रधानांपुढे एक. सीमोल्लंघनास महाराजांस हत्ती, प्रधानांस घोडा. आणि नाद मात्र सर्वांस सारखा? उद्या पलीकडील लोक म्हणतील, या राज्यात राजा आणि कोठीवाली एका पंक्तीस बसून नाद जेवितात!" बाई म्हणाली, "पंत, वरणास फोडणी चमचाभर लागते. राजाचे वरण म्हणोन त्यात कढईभर तेल ओताल काय?" पंत म्हणाले, "फोडणीस मानपान दप्तर लागू नाही." बाई म्हणाली, "मी मोजून पाहिले आहे. शहाण्णव वातींचे परातीत एक दाणा उठला नाही." पंतांनी विचारिले, "ती परात कोणाचे नावाची होती?" बाई म्हणाली, "कोणाचे नावाची नाही. पितळेची होती." पंत सर्व दरबाराकडे फिरले आणि म्हणाले, "ऐका! बेवारस बीज. त्यास एवढा मान कोठून सोसेल? राजाचे बीज सोसेल." या उत्तरास दरबाराने मान डोलाविली, आणि जे उत्तर मुळीच उत्तर नव्हे त्यास दरबार मान डोलावितो हा माझा पूर्वीपासोन अनुभव आहे. महाराजांनी बाईकडे पाहिले, पंतांकडे पाहिले, पाणी संपविले आणि म्हणाले, "मान मोडू नये."

मग याद लिहिली गेली की, महाराजांचे बीजास वाती शहाण्णव, प्रधानांचे अठ्ठेचाळीस, सेनापतींचे अठ्ठेचाळीस, गवयांचे चोवीस, आणि कोठीचे घटास, तो शेवटचा घट म्हणोन, बारा. सेनापती रुसले की प्रधानांचे बरोबरीने का. तेव्हां त्यांचे वातीस कापूस अंमळ जाड घ्यावा ऐसे ठरले. बाईने शेवटचे एकदा विचारिले, "महाराज, किल्ल्या माझ्या जाणार, घट तुमचा जाणार. दोघांचे नुकसान करून मान कोणाचा राहणार?" महाराजांनी यादीवर शिक्का उठविला. बाईने हुकूम मान्य केला, कारण हुकूम तो हुकूम.

आश्विन शुद्ध प्रतिपदेस, सोमवारी, नाद देणे जाहले. बाई वाती वळीत बसली आणि पंत शेजारी बसोन मोजू लागले. त्या दिवशी साऱ्या गावास मानाची यादी न वाचिता कळली, कारण कोठीचे गव्हास नाद जाहला तेव्हां हौशा जरासा रडला, गवयांचे वेळी त्याहून दुप्पट, प्रधानांचे व सेनापतींचे वेळी आणखी दुप्पट, आणि महाराजांचे बीज पात्रात पडले तेव्हां त्याणे ऐसा टाहो फोडिला की वेशीबाहेरील लोक विचारू लागले, कोण गेले. एक म्हातारी ओट्यावरोन म्हणाली, "कोणी गेले नाही. महाराजांचा मान चालला आहे." घट बसले. तबकात किल्ल्या ठेविल्या. तीस वर्षे कमरेस असलेले ओझे गेल्याने बाई चालताना एका अंगास कलू लागली.

दुसरी माळ, तिसरी माळ, चौथी माळ. पाचवे माळेस त्र्यंबकपंत सर्व घट पाहून आले आणि त्यांचा चेहरा उजळला. कोठीचा घट दोन बोटे हिरवा, दाट, जशी पोपटाची पाठ. गवयांचा अर्धामुर्धा. प्रधानांचे घटी दोन अंकुर, तेही खाली पाहात. सेनापतींचे घटी एक, जाड. आणि महाराजांचे घटी काळी माती, आणखी काही नाही. पंत हुजूर गेले आणि म्हणाले, "बाईने महाराजांस मेलेले बीज दिले आणि आपणास जिवंत ठेविले. उघड आहे." महाराजांनी या खेपेस पाणी मागविले नाही. ते उठले, जोडे न घालिता एकटेच कोठीत आले, आणि पंतांस मागोन धावावे लागले.

बाई घटासमोर बसली होती. महाराजांनी उभे राहून कोठीचा घट पाहिला. मग म्हणाले, "हा गहू कोणते कणगीचा?" बाई म्हणाली, "त्याच कणगीचा. त्याच मापट्याने काढिला, त्याच हाताने. पंत समोर होते." महाराजांनी पंतांकडे पाहिले. पंत होय म्हणाले, कारण मोजण्यात ते खोटे बोलत नसत. हा त्यांचा गुण लिहिणे न्याय्य आहे. मग महाराजांचा आवाज उतरला आणि त्यांणी विचारिले, "बाई, खरे सांगा. मी जून जाहलो काय?" बाई म्हणाली, "महाराज, ज्या साली तुमचे डोक्यावर छत्र धरिले त्याच सालाचा हा गहू आहे, आणि कसा उठला आहे ते तुम्ही पाहता. जून कोणी जाहले नाही. निजला होता. बाराव्या वातीस तुमचाही गहू जागा जाहला असेल. पुढे चौऱ्याऐंशी वाती आपण जाग्या माणसाचे दार बडवीत राहिलो, आणि दार त्याचे अंगावर पाडिले."

महाराज खाली बसले, जमिनीवर. म्हणाले, "आता काय करावे?" पंत पुढे जाहले की, "काही करिता येत नाही. बसलेला घट हलवू नये, माती उकरू नये, शास्त्र आहे." बाई म्हणाली, "उकरितो कोण? घटावर अक्षता वाहू." पंत म्हणाले, "अक्षता तांदळाच्या." बाई म्हणाली, "गहू वाहू नये ऐसे कोठे लिहिले आहे, ते काढून आणा." पंत दप्तर काढावयास गेले. निरोप जाताच शेट पात्र घेऊन आले, बाईने कणगीतून मूठभर गहू पाण्यात सोडिला आणि कापूस पुढे ओढिला. तेव्हां महाराज म्हणाले, "वाती मी वळतो." बाईने त्यांचेकडे पाहिले, कापूस दिला आणि कळ दाबिली. हौशाने सूर लाविला.

महाराजांचे हात तरवारीचे, भाल्याचे, लगामाचे. कापूस त्यांस कधी शरण आला नव्हता. पहिली वात वळिता वळिता सुटली, पुन्हा वळिली, बोटास चिकटली, मिशीस लागली, आणि अखेर जी जाहली ती आंगठ्याएवढी. तितक्या वेळात बाई मनात आपल्या वाती वळीत होती; तिच्या चार जाहल्या. दुसरी वात. आणखी चार. तिसरी वात महाराजांनी जीभ दातांत धरोन वळिली, आणि ती थोडी वातीसारखी दिसली. बाईने कळ सोडिली. म्हणाली, "पुरे."

इतक्यात पंत दप्तर बगलेत मारोन आले. गव्हाविषयी त्यांस काही सापडले नव्हते, परंतु वाती दिसल्या, आणि त्यांणी कपाळास हात लाविला. "तीन! गवयांस चोवीस आणि महाराजांस तीन! हे मी दप्तरी कसे लिहू?" बाई म्हणाली, "पंत, माझे हातच्या शहाण्णव वाती एका पारड्यात घाला आणि महाराजांचे हातच्या या तीन दुसऱ्यात. कोणते पारडे जड, ते तुम्हीच सांगा. मी कोठीवाली, मला काय कळते." पंतांनी तोंड उघडिले. बाईच्या वाती जड म्हणावे तर राजाचा अवमान. महाराजांच्या जड म्हणावे तर बाई जिंकते.  मग पंत खाली बसले, टाक घेतला आणि लिहिले की, "महाराजांचे हातची एक वात कोठीचे बत्तीस वातींस समान. सबब तीन वाती म्हणजे शहाण्णव. मान अबाधित." बाईने ते वाचून घेतले आणि म्हणाली, "पंत, हिशेब चोख आहे." पंतांस, लिहावयास हरकत नाही, बरे वाटले.

गहू अक्षतांप्रमाणे घटावर वाहिला, वरून चिमूट चिमूट माती भुरभुरविली. सातवी माळ गेली आणि काही नाही. आठवीस महाराज पहाटे, दुपारी आणि सांजेस देवघरात येऊन गेले, आणि दर खेपेस तबकातील किल्ल्यांकडे पाहून डोळे चुकविले. आठवे माळेचे सांजेस मातीस बारीक तडा गेला. नववीस हिरवी टोके दिसली. दसऱ्याचे सकाळी तीन बोटे तुरा जाहला. इतर राजांचे तुरे वीतभर असतात हे मी जाणतो. हा तीन बोटेच होता, आणि जे बखरकार हातभर लिहितात त्यांणी पागोटेही मोजिले. महाराजांनी तो आपले हाताने खोविला. पंत हळूच म्हणाले, "लांबून दिसणार नाही. रेशमाचा गेल्या सालचा तुरा बरोबर ठेवितो." महाराज म्हणाले, "तो शिंप्यास परत द्या."

स्वारी सीमेवर गेली. सगुणाबाई पायदळाचे मागे चालत होती. तिला कोणी बोलाविले नव्हते आणि थांबविण्याचे धाडस कोणास नव्हते. पलीकडील वकील आले, तेच वकील, तेच घोडे. पलीकडील लोक टाचा उंच करून पागोट्याकडे पाहू लागले, आणि काही दिसेना म्हणोन एकमेकांस कोपर मारू लागले. वकील खाली उतरले. महाराजही हत्तीवरून उतरले, आपट्याची पाने देण्यास पुढे जाहले आणि रीतीप्रमाणे किंचित वाकले. घोड्याने मान लांब केली.  घोड्याने हुंगिले. मग ओठ पुढे काढिले, तुरा समूळ उपटिला आणि डोळे मिटून चावू लागला.

वकील लगाम ओढीत म्हणाले, "क्षमा, महाराज, क्षमा! जनावर आहे!" महाराज मात्र घोड्याचे गळ्यात पडले होते. मोठ्याने ओरडले, "खाल्ला! पाहिले ना सर्वांनी? खाल्ला!" आणि मागे वळून गर्दीत हाक दिली, "बाई, खाल्ला हो!" अलीकडील लोकांनी आरोळी दिली. पलीकडील कोणी हसले नाही. पंतांनी चिंतेने विचारिले की, तुरा सीमेचे अलीकडे खाल्ला गेला, तेव्हां सीमोल्लंघन तुऱ्यासह जाहले की तुऱ्यावाचून? महाराज म्हणाले, "घोडा पलीकडे गेला की तुरा पलीकडे गेला." हा निर्णय मला निर्दोष वाटतो.

स्वारी परत आली. देवघरात महाराज आपण होऊन तबकातील किल्ल्या उचलावयास वाकले, तो बाई म्हणाली, "राहू द्या, महाराज. माझ्या मी घेते. नाही तर पंत विचारतील, महाराजांचे हातचे एक उचलणे माझे किती उचलण्यांस समान." आणि किल्ल्या कमरेस खोवून बाई नीट, सरळ चालत गेली.

एवंच. बहुधान्य संवत्सरी राज्याभिषेकाचा गहू मुक्या नादाने उठला, अकरा वर्षांचे राज्य तीन बोटे पुन्हा हिरवे जाहले, आणि बारा वातींचे माप कायम जाहले. पंतांचे जावयास दुसरे काम मिळाले नाही. महाराज दर नवरात्रात तीन वाती वळतात; हात सुधारला तर माप चुकेल, म्हणोन बाई त्यांस सराव करू देत नाही. हौशास हुजुरातून कानी घालावयास रेशमात गुंडाळलेले कापसाचे बोळे दोन मिळाले. त्याच दसऱ्यास प्रधानांस शाल एकच मिळाली होती, म्हणोन प्रधान रुसले. तो वाद दप्तरी अद्याप चालू आहे. ज्यांणी पाहिले त्यांचे तोंडून ऐकून आणि पडताळून हे लिहिले. नाद ज्याणे खरोखर ऐकिला त्या एका साक्षीदाराची जबानी मात्र अक्षरांत उतरविता आली नाही, एवढी उणीव वाचकांनी पोटात घालावी. लेखन येथे पुरे.